पाण्याचा डॉक्टर व्हायला कॉलेज कशाला? – एकोणिसाव्या शतकातल्या जलचिकित्सेच्या शाळा

अर्धीकळशी
१८५७ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने एका कॉलेजला एम.डी. पदवी द्यायची सनद दिली. कॉलेजचं नाव न्यूयॉर्क हायजिओ-थेरप्यूटिक कॉलेज, सर्वेसर्वा डॉ. रसेल थॅचर ट्रॉल. इथे औषध कसं द्यायचं हे नव्हे, तर ते का द्यायचं नाही हे शिकवत. उपचार म्हणजे पाणी, हवा, ऊन, आहार, व्यायाम आणि झोप. त्याच्या आधी, १८५१ मध्ये, थॉमस आणि मेरी गोव्ह निकल्स या नवरा-बायकोने न्यूयॉर्कातच अमेरिकन हायड्रोपॅथिक इन्स्टिट्यूट काढलं होतं. ते दोन-अडीच वर्षांत मिटलं. ट्रॉलने १८५३ मध्ये शाळा सुरू केली, सनद मिळवली, १८६७ मध्ये बाडबिस्तरा न्यू जर्सीतल्या फ्लॉरेन्स हाइट्सला हलवला आणि १८७७ मध्ये तो वारला. कॉलेजातही तोवर फार जीव उरला नव्हता.

ओली चादर गुंडाळायला आणि टबात बसवायला पदवी कशाला लागते? शिकवायचे तरी काय? आणि पाणी-उपचाराची एवढी लाट असताना शाळा पंचवीस वर्षांच्या पुढे का गेल्या नाहीत? माझं मत असं की कॉलेज म्हणजे सॅनेटोरियमची जाहिरात होती. पटत नसेल तर खोडून काढा.

शंकासुर
आंघोळीत एम.डी.! मग पंचगंगेच्या घाटावर सकाळी सहाला जमतात ते सगळे प्राध्यापक म्हणायचे.

बखरकार
शंकासुर, हसू नका, पहिला प्राध्यापक खरंच घाटावरचाच होता म्हणा ना. व्हिन्सेंट प्रीसनिट्स (१७९९-१८५१), ऑस्ट्रियन सिलेशियातल्या ग्रेफनबर्गचा शेतकऱ्याचा मुलगा. हे गाव आज चेकियात येतं, लाझ्ने येसेनिक या नावाने. पोरवयात गाडीखाली सापडून बरगड्या मोडल्या, तेव्हा त्याने ओल्या पट्ट्या बांधून स्वतःला बरं केलं. मग गावची गुरं, मग गावकरी, मग सरदार-उमराव. आसपासच्या डॉक्टरांनी तक्रार केली की हा स्पंजातून काहीतरी औषध लावतो. स्पंज तपासले, आत पाण्याशिवाय काही निघालं नाही. त्यावर त्याने स्पंजच बंद केला आणि नुसत्या हातांनी चोळायला लागला. १८३९ पर्यंत वर्षाला दीड हजारावर रुग्ण येत होते.

पण मूळ प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्याने ना शाळा काढली ना पुस्तक लिहिलं. लिहिणं-वाचणं त्याला जेमतेमच येई. त्याची विद्या घेऊन गेले ते बहुतेक रुग्ण म्हणून आलेले आणि बघून शिकलेले. इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नला १८४२ मध्ये जेम्स विल्सन आणि जेम्स गली यांनी दुकान मांडलं, त्यातला विल्सन ग्रेफनबर्गला राहून आलेला. अमेरिकेत जोएल शू आणि ट्रॉल यांनी १८४३-४४ च्या सुमारास न्यूयॉर्कात सुरुवात केली. म्हणजे शाळा निघण्याआधी आठ-दहा वर्षं हा धंदा शाळेविनाच जोरात चालला होता.

तिरपागडा
डॉक्टरचं नाव गली आणि उपचार पाण्याचा. पावसाळ्यात आमच्याकडे ही पॅथी फुकट मिळते.

रसकापूर
अर्धीकळशी, "का टिकल्या नाहीत" च्या आधी "का चालल्या" ते बघा. समोर पर्याय काय होता? १८४०-५० च्या अमेरिकेतला रीतसर डॉक्टर म्हणजे शीर तोडून रक्त काढणं, टार्टर एमेटिकने ओकवणं आणि कॅलोमेल. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार, माझ्या आयडीचा सख्खा भाऊबंद. तो लाळ सुटेपर्यंत द्यायचा. लाळ सुटली म्हणजे औषध लागू पडलं, अशी समजूत. खरं तर ती पाऱ्याच्या विषबाधेची खूण. हिरड्या सुजायच्या, तोंडाला घाण सुटायची, दात हलायचे, लहान मुलांच्या गालाचं मांस झडायचं. यादवी युद्धात, मे १८६३ मध्ये, अमेरिकी लष्कराचा सर्जन जनरल विल्यम हॅमंड याने कॅलोमेल आणि टार्टर एमेटिक सैन्याच्या औषधयादीतून काढून टाकलं, तर डॉक्टरमंडळींनी त्याच्यावरच गहजब केला.

अशा डॉक्टरच्या हातातून सुटून माणूस पाण्याच्या घरी, म्हणजे राहून पाण्याचे उपचार घ्यायच्या ठिकाणी गेला, की पारा बंद, दारू-तंबाखू बंद, झोप वेळेवर, रोज चार-पाच मैल चालणं. त्यातले निम्मे काही न करताही बरे झाले असते. श्रेय पाण्याला मिळालं.

पाणचक्की
रसकापूर यांच्या शेवटच्या वाक्यालाच ट्रॉल "हेच तर मी सांगतोय" म्हणाला असता. त्याचा सिद्धांत असा: औषध शरीरावर क्रिया करत नाही, शरीर औषधाला विष समजून बाहेर टाकायला धडपडतं, रोग म्हणजेसुद्धा शरीराने चालवलेली साफसफाई. तेव्हा ती दाबायची नाही, वळण लावायचं. १८६२ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत त्याने यावर लांबलचक व्याख्यान झोडलं होतं. त्यामुळे पाणी हे त्याच्या लेखी एकमेव अस्त्र नव्हतं. म्हणून तर "हायड्रोपॅथिक" सोडून "हायजिओ-थेरप्यूटिक" हे तोंडात न मावणारं नाव घेतलं.

आणि "जाहिरात" हे अर्धसत्य आहे. घर, मासिक आणि शाळा असं तिकटं होतं. मासिक म्हणजे वॉटर-क्युअर जर्नल. १८४८ पासून ते फाउलर्स अँड वेल्स या प्रकाशकांकडे होतं, ज्यांचा मूळ धंदा डोक्याचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगण्याचा. वर्षाला एक डॉलर वर्गणी. खेड्यापाड्यांतले वाचक पत्र पाठवून सल्ला विचारत आणि उत्तर छापून येई. त्यातून घराला रुग्ण मिळत, शाळेला विद्यार्थी. पण शिकवत ते खरंच. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, शस्त्रक्रिया, प्रसूती हे विषय होते. औषधं फक्त खोडून काढण्यापुरती.

शंकासुर
म्हणजे शत्रूचा अभ्यास.

अर्धीकळशी
पाणचक्की, विषयांची यादी कोणीही छापेल. किती दिवसांत शिकवत? काही महिन्यांच्या सत्रात शस्त्रक्रिया आणि प्रसूती शिकून एम.डी.? याला पदवी विकणं म्हणायला हरकत नसावी.

बखरकार
हरकत आहे, कारण त्याच मापाने रीतसर कॉलेजंही मोजावी लागतील. १८५० च्या आसपास अमेरिकेतल्या नेहमीच्या वैद्यकीय कॉलेजात साधारण सोळा आठवड्यांची दोन सत्रं असत, आणि दुसऱ्या सत्रात पहिल्यातलीच व्याख्यानं पुन्हा ऐकायची. बाकी काळ एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी, जी कागदोपत्री तीन वर्षं, प्रत्यक्षात त्या डॉक्टरच्या घोड्याची निगा राखण्यापर्यंत काहीही. हार्वर्डने टप्प्याटप्प्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणला तो १८७१ मध्ये. ट्रॉलच्या विद्यार्थ्याला निदान ज्या घरात रुग्ण राहतात त्याच घरात शिकायला मिळे.

घंगाळ
"ओली चादर गुंडाळायला पदवी कशाला" यावर थांबतो, कारण इथेच सगळे फसतात. ओल्या चादरीचा लपेटा हा या पॅथीचा कणा. नीट केला तर शांत करतो, चुकला तर माणूस काकडतो. जुन्या हस्तपुस्तिकांतली रीत अशी.

पलंगावर दोन-तीन जाड लोकरी ब्लँकेटं, एकाची कड दुसऱ्याच्या बाहेर येईल अशी. वर सुती नव्हे, लिननची चादर, साधारण १५ ते २० अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडवून दोन माणसांनी दोन टोकांना उलटा पीळ घालून पिळलेली. थेंब गळता कामा नये. तरी बोट लावलं तर ओल लागली पाहिजे. रुग्ण उताणा, हात वर. चादरीची एक बाजू काखेतून छातीवरून पलीकडे न्यायची आणि पाठीखाली खोचायची. हात खाली घेऊन दुसरी बाजू हातांवरून. पायांच्या मध्ये चादरीची घडी सरकवायची, नाहीतर मांड्या एकमेकींना चिकटतात आणि तेवढा भाग गरमच होत नाही. मग ब्लँकेटं, मानेशी सर्वांत घट्ट. हनुवटीखाली कोरडा रुमाल, लोकर टोचू नये म्हणून. कपाळावर गार पट्टी, तळव्यांशी गरम पाण्याची बाटली. हे सगळं मिनिटभरात व्हायला हवं, कारण उघड्यावर पडलेली ओली चादर झपाट्याने आणखी गार होते.

मग चार टप्पे. पहिली पाच-दहा मिनिटं गारठा. नंतर चादर अंगाइतकी कोमट, इथे झोप लागते. मग अंग तापतं. तासाभराच्या पुढे घाम. कुठल्या टप्प्यावर सोडायचं, हीच विद्या. तापाच्या रुग्णाला पहिल्या टप्प्यावर काढून पुन्हा नवी चादर, असं तीन-चार वेळा. निद्रानाश, चिडचिड असेल तर दुसऱ्यावर थांबायचं. एकच चादर, एकच पाणी, पण वेळ बदलला की परिणाम उलटा.

काय बिघडतं? चादर कमी पिळली तर अंगाची ऊब पाणी तापवण्यातच खर्ची पडते. मानेशी फट राहिली तर हवा भात्यासारखी आत-बाहेर होते. पाय आधीच गार असतील तर लपेटा गुंडाळूच नये, आधी पाय शेकावेत. अशक्त, रक्त कमी असलेला माणूस पंधरा मिनिटांत कोमट झाला नाही तर लगेच सोडून कोरड्या टॉवेलने खसाखसा पुसावा. "अजून थोडा वेळ बघू" म्हणणारा परिचारक सर्वांत धोक्याचा.

खारेवारे
घंगाळ, प्रतिसाद वाचनखुणेत. आयडीही शोभला.

नदीकाठ
घंगाळच्या तापमानाला एक पुरवणी. जुनी जर्मन पुस्तकं वाचताना अंश कुठले ते आधी बघा. त्यांत बहुधा रेओमूर असतो, इंग्रजी-अमेरिकन पुस्तकांत फॅरनहाइट. रेओमूरला सव्वाने गुणलं की सेल्सियस. म्हणजे जर्मन पुस्तकातलं "१६ अंश" हे २० सेल्सियस, फॅरनहाइटमध्ये ६८. कोणी ते १६ सेल्सियस समजून टब भरला तर रुग्ण चार अंश जास्त गारठ्यात. आणि अशा चुका जमा होत गेल्या की वर घंगाळने लिहिलेला "कोमट न होणारा" रुग्ण तयार.

तिरपागडा
आणि आपल्याकडे मोजमाप एकच: "कोपर घालून बघ गं."

नदीकाठ
तिरपागडा, कोपर हे वाईट मोजमाप नाही. हाताच्या पंज्याला गरम-गार भांड्यांची सवय असते, तो खोटं सांगतो.

शंकासुर
डार्विनही या पाण्यात पडला होता ना?

बखरकार
होय, १८४९ मध्ये, मार्च ते जून, गलीकडे मॅल्व्हर्नला, सहकुटुंब. बहिणीला पाठवलेल्या पत्रात त्याने दिनक्रमच लिहिलाय. पावणेसातला उठून गार पाण्यात भिजवलेल्या खरबरीत टॉवेलने दोन-तीन मिनिटं अंग घासणं, इतकं की माणूस उकडलेल्या शेवंडासारखा लाल. पेलाभर पाणी पिऊन वीस मिनिटं चालणं. पोटावर ओली पट्टी, वर जलरोधक कापड, दर दोन तासांनी पुन्हा भिजवायची. दुपारी बाराच्या सुमारास मोहरी घातलेल्या गार पाण्यात दहा मिनिटं पाय. साखर, लोणी, मसाले, चहा बंद. इतका फरक वाटला की घरी परतल्यावर बागेत झोपडीवजा स्नानघर बांधलं, वर ६४० गॅलनची टाकी. पुढे १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गलीच्याच देखरेखीखाली मॅल्व्हर्नला वारली.

आणि ती दिवसभराची ओली पट्टी लक्षात ठेवा. हवा न लागता कातडी भिजत राहिली की मऊ पडते, केसांच्या मुळांशी फोड येतात, गळवं होतात. ग्रेफनबर्गला याला "क्रायसिस" म्हणत आणि विष बाहेर पडलं म्हणून आनंद मानत. दिवसाला वीस-तीस पेले पाणी पिणंही त्यातच. रक्तातलं मीठ पातळ झालं की डोकं जड होणं, मळमळ, गोंधळणं हे आज आपल्याला कळतं. तेव्हा तेही क्रायसिसच्या खात्यात जायचं.

रसकापूर
थोडक्यात, इकडे लाळ सुटली की यश, तिकडे गळू फुटलं की यश.

खारेवारे
प्रश्न: आनंदीबाई जोशी ज्या कॉलेजात शिकल्या ते याच पंथाचं होतं का? मुलींना दार उघडं म्हणून विचारतेय.

पाणचक्की
नाही. आनंदीबाईंचं वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया हे रीतसर वैद्यकाचं, १८५० मध्ये स्थापन झालेलं. त्यांची पदवी १८८६ ची. पण तुमच्या प्रश्नात मुद्दा आहे. बहुतेक रीतसर कॉलेजं बायकांना दारात उभं करत नव्हती, तेव्हा निकल्स आणि ट्रॉल या दोघांच्याही शाळांत बाई-पुरुष एका वर्गात होते. मेरी गोव्ह निकल्स तर डॉक्टरी पदवी नसताना स्त्रियांपुढे शरीरशास्त्रावर व्याख्यानं देत गावोगाव फिरलेली. यादवी युद्धातल्या कामासाठी १८६५ मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालेली मेरी वॉकर आधी सिरॅक्यूजला एम.डी. झाली, आणि १८६२ मध्ये ट्रॉलच्या कॉलेजातही शिकून गेली.

कारण तात्त्विक तितकंच व्यवहाराचं होतं. रुग्णांत बायका पुष्कळ, आणि अंगावरचे कपडे उतरवून चादरीत गुंडाळायचं काम पुरुषाच्या हातून कोण करून घेणार? घट्ट कॉर्सेट आणि जमिनीवर लोळणारे घागरे या सुधारक मंडळींना मुळीच खपत नसत. गुडघ्याखाली येणारा झगा आणि खाली विजार हा वेष जलचिकित्सेच्या घरांत सर्रास दिसे.

याची उलट बाजू: अमेरिकेत वैद्यकाची रीतसर पदवी मिळवणारी पहिली बाई, एलिझाबेथ ब्लॅकवेल, १८५० मध्ये डोळा वाचवायला स्वतः ग्रेफनबर्गला गेली. डोळा वाचला नाही, त्याच वर्षी काढावा लागला. संसर्गाने पोखरलेला डोळा पाण्याने कसा वाचणार?

तिरपागडा
निकल्स मंडळींची शाळा का बंद पडली ते कोणीच सांगेना. काहीतरी झणझणीत आहे असा वास येतोय.

पाणचक्की
आहे. प्रेम नसेल तर लग्नसुद्धा अनैतिक, अशी दोघांची उघड भूमिका. पोर्ट चेस्टरला शाळा हलवल्यावर १८५३ मध्ये त्यावरून बोभाटा झाला, विद्यार्थी गेले, मासिकवाल्यांनी हात वर केले. मासिक गेलं की विद्यार्थी कुठून आणणार? वर सांगितलेलं तिकटं मोडलं की शाळा पडते, ती अशी. पुढची गंमत म्हणजे १८५७ मध्ये हे दोघं कॅथलिक झाले.

अर्धीकळशी
एका शाळेचा खुलासा झाला. ट्रॉलचं काय? त्याच्यावर असला बोभाटा नव्हता.

बखरकार
ट्रॉलच्या शाळेचं दुखणं कायद्यात होतं. न्यूयॉर्कने १८४४ मध्ये परवान्याविना वैद्यकी करण्यावरची शिक्षा काढून टाकली. इतर राज्यांतही तेच वारं. त्या मोकळ्या रानात विधिमंडळाची सनद म्हणजे नुसता मान, तिच्यावाचूनही अडत नव्हतं. १८७० नंतर वारं फिरलं. इलिनॉयच्या १८७७ च्या कायद्याने राज्यमंडळच ठरवू लागलं, कुठल्या कॉलेजची पदवी चालेल आणि कोणी परीक्षा द्यायची. १८८९ मध्ये डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार कायम केला. तो डेंट जडीबुटीवाल्या एक्लेक्टिक पंथाचा पदवीधर होता, जलवाला नव्हे, पण फटका सगळ्यांनाच.

सर्वांत बोलका पुरावा जॉन हार्वे केलॉग. होय, तोच कॉर्नफ्लेक्सवाला. १८७२-७३ च्या हिवाळ्यात तो फ्लॉरेन्स हाइट्सला ट्रॉलकडे शिकला. पण तेवढ्यावर थांबला नाही. मिशिगन विद्यापीठात गेला, मग न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटल मेडिकल कॉलेजातून १८७५ मध्ये रीतसर एम.डी. झाला आणि १८७६ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकची आरोग्यसंस्था हातात घेतली. शाळेचा सर्वांत नामांकित विद्यार्थीच दुसऱ्याची पदवी घेऊन आला.

घंगाळ
आणि दुसरा घाव रीतसर वैद्यकानेच घातला, ते पाणी स्वतःच प्यायलं. स्टेटिनच्या एर्न्स्ट ब्रांडने १८६१ मध्ये विषमज्वराला गार टबाची रीत दिली: ताप ३९ सेल्सियसच्या वर गेला की दर तीन तासांनी, साधारण १८-२० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं, आत असताना अंग सतत चोळत राहायचं. चोळणं विसरलं तर कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, उष्णता आतच अडकते आणि रुग्ण थडथडतो. व्हिएन्नात विल्हेल्म विंटरनिट्स विद्यापीठात जलचिकित्सा शिकवू लागला, तोही ग्रेफनबर्ग बघून आलेला. एवढं झाल्यावर वेगळ्या कॉलेजकडे स्वतःचं असं काय उरलं?

खारेवारे
आणि आपल्याकडचं कटिस्नान? ते क्नाइपचं ना? तो प्रीसनिट्सचा शिष्य?

नदीकाठ
दोन्हींना नाही. सेबास्टियन क्नाइप (१८२१-९७) हा बव्हेरियातला पाद्री. तो शिकला ते अठराव्या शतकातल्या योहान हान या डॉक्टरच्या पुस्तकावरून, प्रीसनिट्सकडून नव्हे. त्याचा भर झारीने धार सोडण्यावर आणि दवात अनवाणी चालण्यावर. आपल्याकडे कटिस्नान आलं ते लायपझिगच्या लुई कुनेकडून. त्याच्या पुस्तकाचा तेलुगू अनुवाद १८९४ चा. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत कुने आणि मातीवाला आडोल्फ युस्ट दोघांनाही वाचलं, आणि तो धागा १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनच्या आश्रमापर्यंत येतो. "नॅचरोपॅथी" नावाची शाळाही क्नाइपच्याच एका चेल्याने, बेनेडिक्ट लुस्टने, न्यूयॉर्कात १९०१ मध्ये काढली. म्हणजे ट्रॉलचा आणि तिचा थेट वारसा नाही, मधे पाव शतकाची खिंड आहे.

अर्धीकळशी
"पदवी विकणं" हे मागे घेतो. घंगाळचा लपेटा वाचून एक कळलं की शिकवण्यासारखं होतं. पण ते चार भिंतींच्या व्याख्यानात कसं शिकवणार, हा माझा प्रश्न शिल्लकच.

घंगाळ
तिथेच ट्रॉलची गोची होती. हाताची विद्या न्हाणीत शिकायची, पण सनद मिळते व्याख्यानांवर. त्याने जास्त वेळ सिद्धांताला दिला, चादरीचं काम परिचारकांकडे राहिलं.

शंकासुर
म्हणजे एम.डी. बाहेर भाषण करतोय आणि आत परिचारक चादर पिळतोय. काही बदललेलं नाही. बरं, कटिस्नानाचं प्रात्यक्षिक कोणी सांगा, टब आणलाय.

घंगाळ
शंकासुर, पाणी बसल्यावर बेंबीपर्यंत यायला हवं, म्हणून आधी टब तिसरा हिस्साच भरा. बेंबीची खूण धरून भरलात तर बसताच निम्मं पाणी फरशीवर. पाय टबाबाहेर, गरम पाण्याच्या बादलीत. खांद्यावर चादर. पहिल्या वेळी पाच मिनिटं पुरे. आणि जेवून दोन तास झालेत का?

शंकासुर
आत्ताच मिसळ.

घंगाळ
मग टब संध्याकाळी.